टिकणारा की धरणारा

दुकानदारानं जुना टायर रिमवरून उतरवला आणि पायानं भिंतीकडं लोटला. मग काय मनात आलं कोण जाणे, वाकून परत उचलला, उजेडाकडं धरला आणि त्याच्यावरून आडवा तळवा फिरवला. मधे तळवा सपाट सरकला, कडेला आल्यावर एकदम खाली उतरला. "लई सरळ चालवलीया गाडी, मामा," तो म्हणाला. टायर मधोमध गोटा झाला होता. कडेची नक्षी मात्र जवळजवळ कोरी होती, आणि अगदी काठाला, साच्यातून निघताना राहतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते. गेली काही वर्षं मी चारचौघांत घाटातल्या फिरतीच्या गोष्टी सांगत आलोय, आणि टायर त्याच्या पद्धतीनं काही वेगळंच सांगत होता. दुकानदाराला त्यात रस नव्हता. त्यानं फळीवरच्या टायरांकडं हनुवटीनं खुणावलं आणि अगदी सहज विचारलं, "टिकणारा देऊ का धरणारा?"

मी म्हटलं, "चहा घेऊन येतो."

खरं तर चहाची तल्लफ नव्हती. प्रश्न अडकला होता. आमच्या घरात कुठल्याही वस्तूला विचारायचा पहिला प्रश्न एकच: किती टिकेल? चप्पल, छत्री, प्रेशर कुकरची रिंग, दप्तर, सगळ्यांची परीक्षा याच एका पेपरवर. आण्णांकडं चेतक होती. तिची दोन्ही चाकं आणि स्टेपनी एकाच मापाची, ३.५०-१०, त्यामुळं आण्णांनी तीन टायरांची एक फिरती लावून ठेवली होती. मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून मागचा पुढं, पुढचा स्टेपनीत, स्टेपनी मागं. रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून हा कार्यक्रम चालायचा, नट एका ताटलीत, तारीख डायरीत. टायर गोटा झाला म्हणून टाकायचा नसतो. आतले धागे दिसायला लागले की मग बघू, हा त्यांचा नियम. आणि धागे दिसल्यावर तरी तो कुठं सुटायचा? आधी आमच्या काठीपुढं गल्लीभर पळायचा, मग परड्यात एखाद्या रोपाभोवती आळं होऊन बसायचा. गावाकडं शेतात राबणाऱ्यांच्या पायात तर ट्रकच्या टायरच्या चपला असायच्या. काट्याला दाद न देणाऱ्या, आणि माणसाआधी न संपणाऱ्या. अशा घरात वाढलेल्याला कुणी "धरणारा" टायर दाखवला, आणि तो निम्म्यात संपेल असंही सांगितलं, की पोटात थोडं कालवतंच.

माझी गाडी अ‍ॅव्हेंजर क्रूझ, बजाजची मोटारसायकल, २०१७ ची, तारांच्या चाकांची. कावासाकीच्या एलिमिनेटरच्या पोटी २००५ मध्ये जन्माला आलेलं हे घराणं. क्रूझर म्हणजे बसून राहायची गाडी. सीट खाली, पाय पुढं पसरलेले, हँडल आपल्याकडं चालत आलेलं, पुढचा फोर्क तिरपा होऊन लांब गेलेला. अशा बैठकीत माणसाचं आणि त्याच्या सामानाचं वजन मागच्या चाकावर जाऊन बसतं. चेनची ओढही त्याच चाकाला. वळणावर फार वाकवायला गेलं तर टायरची कड संपायच्या आधी फूटरेस्ट रस्त्याला घासतो, म्हणजे कडा राखीव खेळाडूच राहतात आणि मधला पट्टा दिवसभर राबतो. त्यात आमचा पुणे-बंगळूर हायवे. तासन्‌तास सरळ. दुकानदारानं तळव्यानं जे वाचलं, ते क्रूझर चालवणाऱ्या बहुतेकांच्या मागच्या टायरवर थोड्याफार फरकानं लिहिलेलं असतं.

मागच्या टायरवर १३०/९०-१५ असं कोरलेलं असतं. बहुतेकजण एवढं दुकानात वाचून दाखवतात आणि पुढं जातात, पण त्या आकड्यांत गंमत आहे. १३० मिलिमीटर रुंदी, त्या रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ११७ मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची, आणि १५ इंची रिम. पुढचा टायर ९०/९०-१७. कागदावर मांडून बघितलं तर पुढचं चाक भरतं साधारण ५९४ मिलिमीटर आणि मागचं ६१५. रिम दोन इंचांनी लहान आणि चाक मात्र मोठं! मधली सगळी भरती रबराची आणि हवेची. या गाडीवर मागं बसणारा "सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं" म्हणतो, त्याचं बरंचसं श्रेय शॉकअ‍ॅब्जॉर्बरला न जाता या उंच, गुबगुबीत रबरी भिंतीला जायला हवं. त्याच्यापुढं ६६पी असतं: ६६ म्हणजे ३०० किलोपर्यंतचा भार, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. वेगाची मर्यादा माझ्या गाडीला आणि मला पुरून उरते. भाराची मर्यादा दिवाळीत गावाकडनं येताना आठवावी.

चहा पिता पिता मी दुसरा एक हिशोब केला. गाडी दीडशे किलोच्या वर, मी पंच्याहत्तर. त्यातला निम्म्याहून जास्त भार मागं, धरा एकशे चाळीस किलो. टायरमध्ये तीस पौंडांची हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलोचा दाब. भागाकार केला की येतात सहासष्ट-सदुसष्ट चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्ड मधोमध फाडलं तर एक तुकडा हातात येईल, जवळपास तेवढी जागा. टायरच्या बाजूचा ताठपणा वगैरे सोडून दिलेला हा अगदी ढोबळ हिशोब आहे, पण तो एकदा केला की माणूस गप्प होतो. एवढ्या तुकड्यावर माझा ब्रेक, माझं वळण, माझा घाट.

आणि तेवढा तुकडा धरतो कसा? रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दबून घुसतं, चिकटतं आणि सुटताना स्वतःचा थोडा अंश तिथं ठेवून जातं. मऊ रबर जास्त घुसतं, जास्त ठेवून जातं. कडक रबर कमी झिजतं, कारण ते रस्त्यात फार गुंततच नाही. आण्णांचा प्रश्न आणि दुकानदाराचा प्रश्न एकाच गोष्टीची दोन टोकं होती. ज्याला आम्ही घरात "संपणं" म्हणत आलो, ते टायरचं काम होतं. यावर तोडगा म्हणून काही टायरांत मधला पट्टा कडक आणि कडा मऊ अशी दुहेरी रबरं घालतात. हायवे मधल्या पट्ट्यानं खावा आणि घाट कडांनी धरावा, अशी वाटणी. कल्पना झकास. पण पंधरा इंची मागच्या रिमच्या मापात फळीवर जे असेल त्यातनं निवडायचं असतं, मनात असेल त्यातनं नाही. सतरा इंचीवाल्यांचं बरं असतं. त्यांना दुकानात खुर्ची देतात.

मधे चपटा झालेला टायर हायवेला काही बोलत नाही, उलट गाडी रुळावर चालल्यागत शहाण्यासारखी वागते. त्याचं तोंड उघडतं ते आंबोलीत. गाडी वळणात घालताना आधी नाही-नाही म्हणते, हँडलवर जोर द्यावा लागतो, आणि मग सपाट पट्ट्याची कड ओलांडली की पटकन हवं त्याहून जास्त पडते. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. ओल्या रस्त्यावर हा झटका अंगावर काटा आणतो. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं २०१९ पासून. त्यामुळं मागचं चाक ब्रेकला जाम होऊन घसटणं मला नवीन नाही, आणि क्रूझरवर वजन मागं असल्यानं मागच्या ब्रेकवर पाय जरा जास्तच जातो. आमच्या ओळखीतला एक क्रूझरवाला म्हणतो, इंजिन काय, गाडी पळवतं, थांबवतो टायर. तो टायरवर पैसे घालतो आणि हेल्मेट सिग्नलपुरतं घालतो, ते सोडा.

याच टोळीत मागच्या चाकाला आणखी जाड टायर बसवायचं वेड आहे. दिसतं झ्याक, मान्य. मागून बघणाऱ्याला गाडी दुप्पट किमतीची वाटते. पण रिम तेवढीच असते. अरुंद रिमवर जाड टायर चढवला की त्याचा माथा चिमटल्यासारखा उंच होतो, चेनच्या बाजूला घासतो, गाडी वळायला आळशी होते आणि पेट्रोल जास्त जातं. एवढं करून रस्त्याला टेकणारी जागा काही दुप्पट होत नाही. हवा आणि वजन तेच, तर भागाकारही तोच. दुकानदाराला हे ठाऊक असतं, पण तो विकतो. विकू नये तर काय करावं बिचाऱ्यानं? गिऱ्हाईक फोनवर फोटो घेऊनच आलेलं असतं.

परत आलो तेव्हा त्यानं दोन टायर काढून ठेवले होते. आमच्या पिढीची टायरांची ओळख सचिनच्या बॅटवरच्या तीन अक्षरांपासून सुरू होते, त्यामुळं माझा हात आपोआप एकाकडं गेला, पण आधी मी दोन्हींवर ते चार आकडे शोधले. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं. ऊन, हवेतला ओझोन, गोदामातली उष्णता यांनी ते कडक होत जातं, आणि वरून नक्षी मात्र नवीकोरी. कमी खपाच्या मापात असा जुना माल निघण्याचा संभव जास्त, आणि "तुमच्यासाठी दोनशे कमी" हे वाक्यही तिथंच ऐकू येतं. एक टायर चार वर्षांचा निघाला. दुसरा त्याच वर्षाचा, बोटानं दाबला तर किंचित दबणारा, आणि महाग. मी धरणारा घेतला. पैसे मोजताना आण्णा दुकानाच्या दारात उभे असल्यासारखं वाटत होतं.

टायर चढवायचं काम मी कायम उभा राहून बघतो. तिथला पोरगा विशीचा असेल. त्यानं रिम मांडीवर घेतली, रिमटेप काढली आणि तारांची टोकं कुठं गंजून वर आलीत का ते अंगठ्यानं चाचपलं. एक बोचलं, ते कानशीनं घासलं. नव्या टायरात नवीन ट्यूब, हे त्यानं मला न विचारता ठरवलं, आणि बरोबर ठरवलं. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, नव्या टायरात तिची घडी पडते आणि घडीवरच ती फुटते. ट्यूबला थोडी हवा देऊन आकार आणला, शंखजिऱ्याची पावडर चोळली, टायरवरचा बाण फिरायच्या दिशेला आहे बघून घेतला, पिवळा ठिपका वॉल्व्हपाशी आणला. तो ठिपका टायरचा सगळ्यात हलका भाग दाखवतो, वॉल्व्हचं वजन तिथं आलं की तोल सावरतो. शेवटचा वीतभर भाग सगळ्यात वाईट. तिथं घाई केली तर पान्याखाली ट्यूब चिमटते आणि पंक्चर दुकानातच जन्माला येतं. पोरग्यानं समोरच्या बाजूला गुडघा रोवून टायर रिमच्या खोलगटात ढकलला, पाना अलगद टाकला, टायर आत. मग हवा, आणि टप्प करून कड बसल्याचा आवाज. रिमच्या काठाशी टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडं सारख्या अंतरावर आहे का हे त्यानं चाक फिरवून बघितलं. एका ठिकाणी नव्हती. हवा सोडली, साबणाचं पाणी लावलं, परत भरली. "पैले शंभरभर किलोमीटर वाकवू नका, काका," तो म्हणाला. नव्या टायरवर साच्यातली चकाकी असते, ती उतरेपर्यंत टायर निसरडा असतो. दुकानदारानं मामा म्हटलं होतं, यानं काका. बढती का काय ते कळलं नाही.

मग हवा. महाराष्ट्रात कुठल्याही पंपावर, कुठलीही दुचाकी न्या, हवा भरणारा न बघता विचारतो, "पुढं पंचवीस, मागं तीस?" आणि आपण मान हलवतो. हा आकडा आपल्याला पाढ्यांबरोबर मिळालेला असावा. खरा आकडा गाडीच्या पुस्तकात आणि बऱ्याचदा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो, एकट्याचा वेगळा, दोघांचा वेगळा. शिवाय तो थंड टायरचा असतो. पाच-साडेपाच अंश तापमान वाढलं की दाब साधारण एक पौंड चढतो. एप्रिलमध्ये कागलपासून पळवत आणलेली गाडी पंपावर उभी केली की काटा जास्तच दाखवणार, आणि भरणारा "जास्त हाय" म्हणून हवा सोडणार. सकाळी गार झाल्यावर टायर उपाशी. म्हणून मी साधा एक गेज घेऊन ठेवलाय, तो सकाळी गाडी काढायच्या आधी लावतो. नायट्रोजनचा आग्रह करणारेही भेटतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. उरलेल्यासाठी दर वेळी पैसे देण्यापेक्षा महिन्यातून दोनदा वाकून बघितलेलं स्वस्त पडतं. वाकल्यावर वॉल्व्हकडं बघायचं. तो रिममधून सरळ बाहेर आलेला हवा. तिरका दिसला तर समजायचं, हवा कमी होती, टायर रिमवर सरकला आणि ट्यूबला बरोबर ओढून नेलं. दोन-चार दिवसांत वॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटते, आणि ती हळूहळू बसत नाही, एका दमात बसते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी घरापर्यंत येता येतं. तारांच्या चाकाला ती चैन नाही.

पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, असा एक सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. उलटं आहे. हवा कमी झाली की टायर पसरतो, नक्षीच्या खाचा मिटतात आणि पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. आणि खरं सांगायचं तर घाटात पाण्यापेक्षा इतर गोष्टी जास्त घात करतात: पहिल्या पावसातली तेलकट साय, दरडीचा लाल चिखल, कडेचं शेवाळ, रस्त्यावरचे पांढरे पट्टे. तिथं टायर कुठलाही असो, हात हलका ठेवावा लागतो. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की डिझेलचा फवारा चेनवरून मागच्या टायरवर उडतो, त्याला रबर फुगतं आणि खराब होतं. वरून जाताना आपल्याला खूश करायला टायर काळा कुळकुळीत करून देतात. त्या पॉलिशचा हात नक्षीवर फिरला असेल तर पहिल्याच वळणावर कळतं. मी आधीच सांगून ठेवतो, टायर मळकाच द्या. लोक हसतात.

नवीन टायरची चकाकी उतरल्यावर गडहिंग्लज-चंदगडवरून तिलारी घाट उतरलो. तो घाट म्हणजे टायरची तोंडी परीक्षा. उतार तीव्र, वळणं आखूड. गाडी वळणात जाताना पूर्वीचा तो हट्ट आणि नंतरचा झटका, दोन्ही गेले होते. खाली दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा लागतात. केरळातून येऊन इथं जमिनी घेतलेल्या लोकांनी लावलेल्या, आता इथल्याही काहींच्या. सकाळची वेळ होती. एका बागेत परवानगी घेऊन शिरलो. सालीवर तिरकी, केसाच्या जाडीची चीर, तिच्यावरनं पांढरा चीक सावकाश सरकत खालच्या वाटीत पडत होता. चीर पहाटेच द्यायची असते, ऊन चढलं की धार आटते. बोटाला लावून बघितला: आधी दूध, घासल्यावर चिकट, मग पेराएवढी लवचीक गोळी. एका शेडमध्ये पिवळट लाद्या वाळत टाकल्या होत्या, त्यांना आंबूस आणि धुरकट असा वास होता. असलं कच्चं रबर उन्हात पाघळतं आणि थंडीत तडकतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेची युक्ती सापडली म्हणून ते रस्त्याच्या लायकीचं झालं, आणि पुढं काजळी मिसळून काळं आणि चिवट. तिथून गोव्यात डिचोलीमार्गे फोंड्याकडं निघालो की वाटेत उसगावला टायरचा कारखाना आहे. म्हणजे झाड, कारखाना आणि मी, तिघंही एका सकाळच्या अंतरात. झाडाला थोडं थोडं तासायचं, आणि टायरला रस्ता तासणार. आण्णा बरोबर असते तर त्यांनी वाटीत किती चीक जमतो आणि झाड किती वर्षं टिकतं, हे नक्की विचारलं असतं. मी विचारलं नाही, आणि घरी आल्यावर त्यांनी तेच विचारलं.

आता घरात पुढच्या टायरचा विषय निघालाय. तो गाडीबरोबर आलेला, त्याच्यावर २२१७ आहे, म्हणजे आठ वर्षांच्या वर झाली. नक्षी भरपूर, झिजेची खूण अजून लांब, पण बाजूच्या भिंतीला उन्हात बारीक भेगा दिसतात आणि नखानं दाबलं तर ठसा उमटत नाही. मी बदलायचं म्हणतो. आण्णांनी परवा गुडघ्यावर हात टेकत खाली बसून तो सगळा फिरवून बघितला, खाचेत नाणं घालून खोली पाहिली, उठून हात झटकले आणि म्हणाले, "ह्यात अजून दोन वर्षं हायेत. तुला नको असला तर काढून ठेव, टाकू नको." मी म्हटलं, टाकत नाही, पण काढणार आहे. त्यावर त्यांनी नव्या टायरची किंमत विचारली. मी खरी सांगितली. तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतायत, आणि दुकानदाराचा दोनदा फोन येऊन गेला की पुढचं माप आलंय.